सोयाबीनचा संगणक
अमेरिका हवा तो महासंगणक देईना, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा एकमेकींना जोडून १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. त्या कामाचे म्होरके विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातले, नागपुरात इंजिनिअरिंग शिकलेले. ही कथा मी कुहीला भाऊजींना ऐकवली, कारण ते विचारत होते, “जोडकामाचा भरवसा काय?”

प्रश्न रास्त होता. सोयाबीनचे पैसे घेऊन भाचा सीताबर्डीहून खेळाच्या संगणकाचे सुटे भाग घेऊन आला होता. निम्मी रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डाला! खेळातली सारी पळापळ म्हणे तेच रंगवते. दुकानदाराने पॉवर सप्लाय स्वस्तातला सुचवला, तेथे मात्र पोरगा अडून बसला. आमच्याकडे विजेचा दाब कधी चढतो, कधी बसतो. तो डबा गेला तर एकटा जात नाही, सोबत बाकीच्यांनाही नेतो. पोराची अक्कल मला तेथे दिसली.

प्रोसेसर ठेवताना घरात कोणी शिंकलेसुद्धा नाही. खोबणीत केसासारख्या सुया. एक वाकली की सोयाबीन पाण्यात. वर मुगाएवढा लेप, त्यावर पंखा. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पंख्यात कंजुषी नको, हे मलाही कळते.

कळ दाबली. पंखे फिरले, पडदा काळाच! ताईने देवाकडे पाहिले. भाच्याने मेमरीची पट्टी उपसून पुन्हा दाबली, ‘खट्’ वाजले आणि अक्षरे उमटली.

भाऊजी पुढे सरकले. “काय रे, यावर सातबारा निघतो का?”