४८ अंकांची किल्ली

या महिन्यात दहावीच्या तोंडी परीक्षेबद्दल लिहिणार होते. ते पुढच्या अंकात. आमच्या आपांचा नवा लॅपटॉप घेतल्यापासून तिसऱ्याच आठवड्यात अडून बसला, आणि त्यात जे कळलं ते आधी सांगायला हवं. रमजान-ईदच्या सुट्टीत परदेशातून आलेली मुलं आपल्याकडे घरोघरी असं एखादं यंत्र घेऊन देतात, चालू करून देतात आणि विमानाने परत जातात. मागे राहतात त्या आया.

आपा सोलापूरला असतात. भाईजान हयात होते तेव्हा लग्नपत्रिकांचं कंपोझिंग करायचे. निकाहचे रुक्के उर्दूत, मराठीत, कधी एकाच कार्डावर दोन्हींत. आपा शेजारी बसून नावं तपासायच्या. तपासता तपासता हातही बसला. भाईजान गेले, इद्दत पुरी झाली आणि एक दिवस त्यांनी तोच जुना संगणक पुसून चालू केला. त्यात विंडोज ७ होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचं लक्ष ठेवणं १४ जानेवारी २०२० लाच बंद केलेलं. मशीन सुरू व्हायला लागायचं तेवढ्या वेळात चहा होऊन पिऊनही व्हायचा. शेवटी आपांनी मेहेरच्या दोन बांगड्या मोडल्या. मुलगा, म्हणजे माझा भाचा, दम्मामहून वीस दिवसांच्या सुट्टीवर आला होता. त्याने हप्त्याने घेऊ म्हणून सुचवलं, ‘नो कॉस्ट’ आहे म्हणाला. आपांनी दुकानदाराला एवढंच विचारलं की बँकेच्या कागदावर व्याज हा शब्द असतो का. तो म्हणाला, असतो, पण तेवढी सूट आम्ही किमतीत देतो. आपांनी पिशवीतून रोख काढली.

घेतला तो कचेरीत वापरायचा, ज्याला बिझनेस लॅपटॉप म्हणतात तो. भाच्याचं म्हणणं बरोबर होतं: याची चकाकी कमी, पण कळफलक दणकट, आणि तीन वर्षांची अशी हमी की बिघडलं तर कारागीर घरी येतो. एकट्या बाईने घरात धंदा करायचा तर ही शेवटची गोष्ट मोठी.

पहिल्या आठवड्यात मला रोज फोन. पडदा निस्तेज आहे, शेजारणीच्या लॅपटॉपसारखा झळकत नाही. तो मुद्दाम तसा असतो. खिडकीचा उजेड त्यावर उमटत नाही, आणि रात्री दोन तास नुक्ते मोजणाऱ्या डोळ्यांना तोच बरा. ५१२ जीबी सांगून ४७६ च दिले, दुकानदाराने फसवलं. नाही फसवलं, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, माप दोन आहेत, माल तेवढाच. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर चढत नाही. सतत वायरीला जोडलेल्या यंत्राची बॅटरी भरगच्च ठेवली तर लवकर थकते, म्हणून अशा लॅपटॉपांत ती मुद्दाम अडवण्याची सोय असते. कंपनीच्या सेटिंगमध्ये जाऊन काढता येते, आपांनी काढू नये असं मीच सांगितलं. दम्मामला बोलायचं तर कॅमेरा काळा. त्यासाठी आपा दुकानात जायला बुरखा घालून तयार होत्या. पडद्याच्या वरच्या कडेला नखाएवढी पट्टी असते, ती सरकवली की कॅमेऱ्यावर पडदा पडतो. पुसताना सरकली होती. ही सोय मला मनापासून आवडली. मुली असलेल्या घरात तर प्रत्येक लॅपटॉपला ती हवी.

एक मात्र खरोखर डोकेदुखी झाली. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात जिथे बोट आपोआप कंट्रोलवर जायचं, तिथे या कंपनीने एफएन नावाचं बटण बसवलंय आणि कंट्रोल त्याच्या उजवीकडे. वर्षानुवर्षांची बोटांची सवय. आपा कॉपी करायला जात आणि काहीच होत नसे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मांडणीत, दोन्हींची अदलाबदल करायची सोय निघाली.

भाषांचं काम त्या मानाने सोपं गेलं. विंडोजच्या भाषांच्या यादीत उर्दू आणि मराठी जोडली की खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून एकीतून दुसरीत जाता येतं. नस्तालीक वळणाचा एक फॉन्टही विंडोजबरोबरच मिळतो. पण भाईजानांच्या जुन्या मराठी फायली उघडल्या तर ‘चि. सौ. कां.’ च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेलं काम असंच दिसतं. तो विशिष्ट फॉन्ट नव्या यंत्रात टाकला की मजकूर जागेवर येतो. भाच्याने तो टाकला, सगळ्या फायली आणल्या, जुना संगणक दुकानात बदल्यात देऊन टाकला आणि परत गेला. (गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर असलेली ती डिस्क कुणीच नीट पुसली नाही. ती अमानत होती. यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

मग त्या बुधवारी सकाळी, शाळेत परिपाठ चालू असताना, आपांचा फोन. निळा पडदा आलाय, इंग्रजीत काहीतरी लिहिलंय, चावी मागतोय.

“पैसे मागतोय का, आपा?” मी विचारलं. मला ते फायली ओलीस धरून खंडणी मागणारे आठवले.

“पैसे नाही गं. नुसती चावी.”

त्यांनी खालच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं होतं. तो म्हणाला, फॉरमॅट करून देतो, तासात चालू. आपांनी विचारलं, कार्डं राहतील ना? पोरगा सरळ होता, म्हणाला, नाही चाची, सगळं जाईल. शनिवारी एका निकाहचं चारशे कार्डांचं काम छापखान्यात द्यायचं होतं. ते पुन्हा करता आलं असतं. पण त्यात भाईजानांच्या हाताची बिस्मिल्लाह होती. तरुणपणी त्यांनी किताबत शिकली होती. बोरूने काढलेली ती बिस्मिल्लाह स्कॅन करून ते प्रत्येक रुक्क्याच्या माथ्यावर घालायचे. मूळ कागद एका पावसाळ्यात भिजून गेला. आता ती त्या बंद डबीतच होती, दुसरीकडे कुठे नाही. मी म्हटलं, त्याला हात लावू देऊ नका, मी येते. अर्धी रजा टाकली आणि सोलापूरची बस धरली.

पडद्यावर ‘बिटलॉकर रिकव्हरी’ असं होतं. आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांना बसमधूनच फोन लावला होता. त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. विंडोज ११ च्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत, पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलं की आतला सगळा मजकूर आपोआप कुलूपबंद लिपीत ठेवला जातो. विचारत नाही, सांगतही नाही. हेतू चांगला आहे: लॅपटॉप चोरीला गेला आणि कुणी डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी त्याला अक्षर वाचता येऊ नये. किल्ली टीपीएम नावाच्या एका लहान चिपमध्ये राहते. दर वेळी यंत्र सुरू होताना ती चिप पाहते की पाया तोच आहे ना. असेल तर मुकाट्याने दार उघडते. आदल्या रात्री कंपनीच्या अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमने बायोस बदलला होता. आपांनी ‘हो’ म्हणून बटण दाबलं होतं, कुणीही दाबतं. सकाळी चिपला पाया अनोळखी वाटला आणि तिने मालकाची ओळख मागितली: ४८ अंकांची किल्ली, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती नसेल तर मायक्रोसॉफ्टसुद्धा दार उघडू शकत नाही. बिघाड काहीच नव्हता. पहारेकरी आपलं काम करत होता.

किल्लीची प्रत खात्यात आपोआप साठवलेली असते. खात्यात म्हणजे कुणाच्या? ज्याने पहिल्या दिवशी चालू केला त्याच्या. भाच्याने घाईत आपलंच खातं टाकलं होतं. बांगड्या आपांच्या, मेहनत आपांची, आणि यंत्राच्या लेखी मालक दम्मामला.

दम्मामला तो ज्या कारखान्यात आहे तिथे फोन फाटकावर जमा करतात. त्यांची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. असर झाली, मगरिब झाली. आपांनी स्वयंपाक केला, कुणी जेवलं नाही. त्या एकदाच बोलल्या, “मी बटण दाबायला नको होतं.” मी म्हटलं, बटण दाबायचंच होतं, आपा, किल्ली आधी खिशात घ्यायची होती. त्यांचं समाधान झालं नाही. घरातल्या यंत्राचं काही बिघडलं की बायका आधी स्वतःचा गुन्हा शोधतात, हे मी शाळेच्या शिक्षक खोलीतही पाहते.

साडेआठला त्याचा फोन आला. तो आपल्या खात्यात शिरू लागला तर मायक्रोसॉफ्टने खात्रीसाठी एक कोड पाठवला, त्याच्या भारतातल्या नंबरवर. ते सिम सोलापुरातच, आपांच्या बटणवाल्या फोनमध्ये, बँकेसाठी ठेवलेलं! त्याचा रिचार्ज संपलेला नव्हता, अल्हम्दुलिल्लाह. (फोनवर कोड कुणालाही सांगू नये हे मी वर्गात दर महिन्याला सांगते. इथे फोन आम्ही लावलेला होता आणि समोर पोटचा मुलगा होता.) खात्यात दोन किल्ल्या निघाल्या, एक त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपची. आमच्या निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांक होता, त्याची पहिली अक्षरं जुळवून बरोबर कोणती ते ठरलं.

तो एकेक अंक वाचत गेला, मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. भरली. नाकारली. पुन्हा भरली, पुन्हा नाकारली. आपा जानमाज घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी सरांना पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांनी एक युक्ती सांगितली जी मला गणिताच्या बाईंनीही कधी सांगितली नाही: या किल्लीतला सहा अंकांचा प्रत्येक गट ११ ने निःशेष भाग जाणारा असतो, चूक पकडता यावी म्हणूनच. ११ ची कसोटी सातवी-आठवीच्या मुलांना विचारा. एका टोकापासून अंक आलटूनपालटून वजा आणि अधिक करायचे, उत्तर ० किंवा ११ च्या पटीत यायला हवं. समजा १२३४५३ आहे: ३ वजा ५ अधिक ४ वजा ३ अधिक २ वजा १, शून्य. बरोबर. मी उर्दू-मराठीची बाई, पण पेन घेऊन बसले. सात गट सुटले, पाचवा सुटेना. भाच्याला तेवढाच पुन्हा वाचायला लावला. मी जिथे ‘सात’ ऐकलं होतं तिथे तो ‘आठ’ म्हणत होता.

विंडोज उघडलं. मी आपांना हाक मारली. त्यांनी येऊन आधी रुक्का नाही, ती बिस्मिल्लाहची फाईल उघडून पाहिली.

त्याच रात्री झोपण्याआधी आम्ही कामं उरकली. आपांच्या नावाने, त्यांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडलं आणि लॅपटॉपचा मुख्य ताबा त्या खात्याला दिला. तो व्यावसायिक विंडोजचा असल्यामुळे बिटलॉकरच्या पानावर किल्लीची प्रत काढायची सोय होती. सकाळी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन छापील प्रती आणल्या: एक आपांच्या पत्र्याच्या पेटीत, निकाहनामा आणि रेशनकार्डाजवळ, दुसरी माझ्या कपाटात. लॅपटॉपच्या आतच ती ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात. भाईजानांच्या सगळ्या फायली एका वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. पुढच्या वेळी कंपनीचं बायोस अपडेट आलं तर त्याआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवायचा, हे मराठीत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलंय. तुमच्या घरी असा लॅपटॉप असेल तर आज तो चालू आहे तोवर विचारा: हा कुणाच्या खात्यावर आहे, आणि किल्ली कुठे आहे? मुलगा परत जाण्याआधी विचारा.

बोटाच्या ठशाने उघडायची सोयही आपांसाठी करायला गेलो. भांडी, कपडे आणि मेहंदीने झिजलेली उजवी तर्जनी त्याने वाचलीच नाही. डाव्या हाताचं मधलं बोट चाललं.

शनिवारी कार्डं छापखान्यात गेली. हमीचे कागद नीट लावताना आणखी एक गोष्ट दिसली: दुकानाचं बिलही भाच्याच्या नावावर आहे, कारण दुकानदाराने नाव विचारलं ते त्याला. कारागीर घरी येईल तेव्हा बिल मागेल, म्हणून आपा ते बदलून घ्यायला दोनदा जाऊन आल्या. मालक उमऱ्याला गेलेत, आल्यावर करू, असं सांगितलंय. आपा पुढच्या सोमवारी परत जाणार आहेत.