श्रद्धेची उलटतपासणी

‘हा श्रद्धेचा प्रश्न आहे’ एवढे म्हटले की आपल्याकडे भल्याभल्यांची वाचा बसते. श्रद्धा खरी की खोटी हे विचारणे हाच जणू अधर्म! ईश्वर आहे की नाही, याचा निकाल प्रयोगशाळेत लागणार नाही, हे मान्य. पण प्रत्येक धर्मसमजूत इतकी अधांतरी नसते. अमुक केले की रोग बरा होतो, तमुक चुकले की घरावर संकट येते, हे जगाविषयीचे दावे आहेत आणि त्यांचा निवाडा जगच करते.

देवीच्या रोगाचेच पाहा. देवीचा कोप झाला म्हणून आयाबायांनी दारी कडुलिंबाचे डहाळे बांधले, नवस बोलले. तरी पोरे दगावली. वाचली त्यांतल्या कित्येकांचे डोळे गेले. १८०२ साली मुंबईत हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. ही लस भाविकाला वाचवी, तशीच नास्तिकालाही. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी उरला नाही. १९८० मध्ये रोग जगातूनच गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. कोपाची समजूत साफ खोटी ठरली. देवळे राहिली, भक्ती राहिली. मुले मात्र जगू लागली.

इतका लख्ख निकाल हाती असताना आपण काय केले? २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीला दूध पाजायला रांगा लावल्या, त्यांत शिकलेसवरलेही होते. बाईच्या केसांत जट झाली की ती देवीची म्हणून कापू देत नाही. मान अवघडते ती तिची. ग्रहण कसे लागते हे वर्गात शिकवणारा मास्तर घरी गरोदर सुनेला ग्रहणात कोंडून ठेवतो. अडाण्याचे अज्ञान समजू शकते, या मास्तराचा अप्रामाणिकपणा अक्षम्य आहे.

आणि पुरावा मागणाऱ्याचे काय होते? २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, त्याचा अध्यादेश ते गेल्यावर काही दिवसांत निघाला. जिवंतपणी त्यांचे ऐकायला आपल्याला सवड नव्हती.

मनातल्या प्रार्थनेचा हिशेब कोणी मागू नये. पण घरातली एखादी समजूत दुसऱ्याच्या शरीरावर, पैशावर, स्वातंत्र्यावर हक्क सांगू लागली, तर तिच्याकडे पुरावा मागा. तो नसेल, तर ती आपल्या घरापासून मोडा.