गंगेचे माहेरपण

दिवाळीला लेकी माहेरी येतात. गंगाही येते, हे मात्र आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते! पाडव्याला गंगोत्रीच्या देवळाची दारे मिटतात, देवीची मूर्ती पालखीत बसते आणि दुसऱ्या दिवशी, ऐन भाऊबीजेला, हर्सिलजवळच्या मुखबा गावी पोचते. तिचे सेमवाल पुजारी याच गावचे. मग थेट अक्षय्यतृतीयेला पाठवणी. तेवढे सहा महिने यात्रा भरते आणि पुजाऱ्यांपासून खेचरवाल्यांपर्यंत साऱ्यांची वर्षाची बेगमी त्यात व्हायची असते.

गंगोत्रीपासून अठरा-एक किलोमीटर चढून गेले, की सुमारे ४,००० मीटर उंचीवर गोमुख लागते. तेथे बर्फाच्या कड्याखालून भागीरथी बाहेर पडते. शुभ्र वगैरे नव्हे, चांगली गढूळ. तिच्यामागे सुमारे ३० किलोमीटर लांबीची हिमनदी पसरली आहे. आम्हां मराठीच्या मास्तरांना हा शब्द जरा खटकतो. नदी म्हटली की खळखळ आली. हिची पाठ दगडमातीने झाकलेली आणि चाल अशी, की पाहणाऱ्याला ती हललेली कळू नये. मी तिला कणगी म्हणेन. बर्फ पडेल तेव्हा भरायची आणि ऐन उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी, थोडी थोडी काढायची. पाटण्याच्या गंगेत या बर्फाचा वाटा थोडाच, तेथे पावसाचे राज्य. पण वरच्या खोऱ्यात उन्हाळ्याची भागीरथी वाहते ती मुख्यतः वितळलेल्या बर्फावरच.

या कणगीचा तळ आता दिसू लागला आहे असे नव्हे. पण भर कमी आणि उपसा जास्त, हे खरे. भूशास्त्रज्ञ ऑडेन यांनी १९३५ साली गोमुखाचा नकाशा केला. तेव्हापासून गोमुख दीड किलोमीटरच्या आसपास मागे सरले आहे.

माहेरच्या माणसांना पाण्याची दुसरी तऱ्हाही ठाऊक आहे. मुखब्यासमोर, पलीकडच्या तीरावर, धराली गाव. यात्रा वाढली तशी तेथे हॉटेले वाढली, तीही खीरगंगा नावाच्या ओढ्याने पूर्वी कधी आणून टाकलेल्या गाळावर. भागीरथीला मिळणारा हा ओढा. त्याचे पाणी गोमुखाचे नव्हे, धरालीच्या माथ्यावरच्या डोंगराचे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी भरदुपारी त्याला लोंढा आला. मुखब्याची माणसे समोरून शिट्ट्या वाजवीत होती, पळा पळा म्हणून ओरडत होती. कित्येकांपर्यंत हाक पोचण्याआधी चिखल पोचला.