शुक्तीचा जलव्यवहार

पाठीवर घासून भोंक पाडलेली व कैरी सोलण्याच्या कामीं येणारी शिंप आमच्या चंद्रपुराकडील घरांतून पूर्वी हटकून असे. गृहिणींना तिची धार ठाऊक होती. आंत राहणाऱ्या जीवाचा प्रपंच किती ओढाताणीचा, हें मात्र क्वचितच कोणी मनांत आणलें असेल.

वैनगंगेंत व मालगुजारी तलावांत सांपडणारी ही शिंप गोड्या पाण्यांतली. (गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं निराळा निघाला; शिंपांना तें कोण सांगणार!) तिचीं समुद्रांतील भावंडें त्या मानानें सुखी. सागराच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि कालवाच्या रक्ताचा खारटपणाही जवळजवळ तितकाच. तेव्हां आंतबाहेर तंटा नाहीं. आमच्या शिंपेचें रक्त समुद्राच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतकेंच खारट, तरी भोंवतालच्या पाण्याहून अधिकच. म्हणून भिजत घातलेल्या हरभऱ्यांत शिरावें तसें पाणी तिच्या अंगांत सारखें झिरपतें आणि क्षार बाहेर निसटतात. बिचारीला मूत्रपिंडानें अहोरात्र पाणी उपसावें लागतें व कल्ल्यांनीं क्षार वेंचून परत घ्यावे लागतात.

मृदुकाय प्राण्यांच्या या व्यवहारावर हुकमत चालते ती मज्जापेशींतून रक्तांत उतरणाऱ्या अंतःस्रावांची. १९७६ सालीं अमेरिकेंत कुपफरमन व वाइस यांनीं समुद्रससा नांवाच्या सागरी गोगलगाईच्या ‘आर-१५’ या मज्जापेशीचा अर्क दुसऱ्या समुद्रसशास टोंचला. थोड्याच वेळांत अंगांत पाणी भरून त्याचें वजन वाढलें. पाण्याची पारख करणाऱ्या त्याच्या इंद्रियास अळणी पाणी लागलें, कीं ही पेशी मंदावते. पर्जन्यानें समुद्र पातळ होतांच पाणी घेण्याचा हुकूमच आवरता घेतला जातो! उलट तळ्यांतील लिम्निआ गोगलगाईच्या मज्जापेशींतून हॉलंडमधील संशोधकांनीं जो स्राव शोधला, तो सोडियम आंत ओढावयास लावतो. एकाला चिंता पाण्याची, दुसऱ्याला मिठाची.

वैशाखांत तलाव आटला म्हणजे शिंप गाळांत रुतून कवच मिटून घेते. पाणी त्यानें वांचतें, पण श्वास कोंडतो व रक्तांत आम्ल सांचूं लागतें. तें मारण्यासाठीं ती आपल्याच कवचाचा चुना विरघळवून रक्तांत घेते, आणि पाऊस येईपर्यंत त्यावर निभावते.