नदीच्या पाण्यातली जात कोण मोजणार?

आपल्या विद्यापीठांत नदीच्या प्रदूषणावर दरवर्षी शोधनिबंध लिहिले जातात, पीएचडी होतात, परिषदा भरतात. नदी मुळा-मुठा असो, मिठी असो, पंचगंगा असो की नागपूरची नाग नदी. बहुतेक निबंधांचा साचा एकच. चार-पाच ठिकाणचे पाण्याचे नमुने, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, नायट्रेट, कोलिफॉर्म जिवाणू, मग एक तक्ता आणि शेवटी ठरलेले वाक्य : 'मानवी हस्तक्षेपामुळे नदी प्रदूषित झाली आहे.'

प्रश्न साधा आहे. कोणता मानव?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशात प्रदूषित नदीपट्टे ३११ मोजले. त्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक. याच मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर. उरलेले जाते नदी-नाल्यांत, खाडीत, जमिनीत.

हे सांडपाणी येते कुठून? नळाला जेवढे पाणी येते, त्याच्या साधारण ८० टक्के सांडपाणी होते, असे अभियंते धरतात. मुंबईत इमारतीतल्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर पाण्याचा निकष आहे, झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटर. म्हणजे इमारतीतला माणूस रोज १०८ लिटर सांडपाणी सोडतो आणि वस्तीतला ३६. तरीही नदीकाठी उभे राहून नाक दाबणारा माणूस बोट कुणाकडे दाखवतो? वस्तीकडे!

कुणी म्हणेल, वस्तीतला मैला तर थेट नाल्यात जातो. जातो, हे खरे आहे. पण मैला सगळ्यांचा सारखाच असतो. फरक इतकाच की एकाच्या मैल्याला महापालिकेने पाइप दिला आणि दुसऱ्याला दिला नाही. पाइपातून गेलेला मैला प्रक्रिया न होताच नदीत पडला, तर तो कुणाला दिसत नाही. उघड्यावरचा तेवढा दिसतो. मग 'मानवी हस्तक्षेप' हा शब्द बातमीत येईपर्यंत 'अतिक्रमण' होतो, आणि 'नदी पुनरुज्जीवन' म्हणत बुलडोझर येतो. अहमदाबादेत साबरमतीच्या सुशोभीकरणात हजारो कुटुंबे उठवली गेली. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मिठीकाठच्या झोपड्या हटवल्या गेल्या. पण हीच मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून वळवली गेली आहे आणि तिच्या मुखाजवळची खारफुटी बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. त्याला मात्र विकास म्हणायचे!

या वस्त्यांत राहते कोण? २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी लोकसंख्येत अनुसूचित जाती १२.६ टक्के होत्या, झोपडपट्टीत मात्र २०.४ टक्के. आणि ही घाण वाहून जावी म्हणून गटारात उतरते कोण? केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत नोंदवलेल्या गटार व सेप्टिक टँक कामगारांपैकी सुमारे ६८ टक्के अनुसूचित जातींचे आहेत, असे सरकारनेच २०२४ मध्ये संसदेत सांगितले. सरकारच्या नोंदीत जात आहे. मग विद्यापीठाच्या तक्त्यात तिला रकाना का नाही?

बाबासाहेबांच्या अनुयायांना पाण्याचे राजकारण नव्याने शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी प्यायले. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून त्याची 'शुद्धी' केली. शेण, गोमूत्र, दूध, दही! आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेला विचारा : या पदार्थांनी पाण्याचा बीओडी वाढतो, शेणाने कोलिफॉर्म वाढतात. म्हणजे माणसाने ओंजळभर पाणी प्यायले ते 'प्रदूषण' आणि घागरी भरभरून घाण ओतली ती 'शुद्धी'. जातिव्यवस्था हेच करते. घाण करणारा पवित्र ठरतो, घाण उपसणारा अपवित्र. 'मानवी हस्तक्षेप' म्हणून विषय संपवणारे संशोधन या उलट्या हिशेबाला हात लावत नाही.

माझे भांडण विज्ञानाशी नाही. बीओडीचा आकडा खोटा बोलत नाही, आणि तो आपल्याला हवाच आहे. भांडण आहे नमुना कुठून घ्यायचा आणि कुठून नाही, हे ठरवणाऱ्या नजरेशी. पुलाखालचे पाणी तपासले जाते. त्याच पुलाशेजारच्या वस्तीतल्या हातपंपाचे का नाही? नदीतल्या माशांवर परिणाम अभ्यासला जातो; चेंबरमध्ये उतरणाऱ्या कामगाराच्या त्वचेवर आणि फुप्फुसांवर का नाही? आणि आम्हा समाजशास्त्रवाल्यांचे विभाग तरी कुठे वेगळे आहेत? नदी म्हटली की ते विज्ञान शाखेकडे बोट दाखवतात आणि मोकळे होतात.

म्हणून विद्यापीठात पोहोचलेल्या आपल्या मुला-मुलींना सांगणे आहे. पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आपलेही आहेत, ते सोडू नका. विषय निवडताना वस्तीतून सुरुवात करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करा : आपल्या शहरातल्या सांडपाणी केंद्राची क्षमता किती, रोज प्रत्यक्ष किती पाणी शुद्ध होते, कुठल्या कारखान्याला किती नोटिसा गेल्या? जे सापडेल ते मराठीत लिहून बुद्धविहारात वाचून दाखवा. पुस्तकातली मोजमापे वस्तीच्या हाती आली, तर उद्या बुलडोझरसमोर उभे राहताना आपल्याकडे घोषणेसोबत पुरावाही असेल.

कोर्टात आणि महापालिकेच्या सभागृहात तोच कामी येतो. बाबासाहेब प्रत्येक लढाईत आधी अभ्यास करून उतरले. ती परंपरा नदीकाठी न्यायची वेळ आली आहे.

जय भीम!