रटाळ किलोमीटरांचा कैवार

आठवड्याचे चार-पाच दिवस, शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्या बेताने, महिनोन्‌महिने धावत राहायचे आणि मायलेज हळूहळू चढवत न्यायचे, याला धावपटू बेस बांधणे म्हणतात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत 42.195 किलोमीटर धावायचे असेल, तर हे काम जूनमध्ये, ऐन पावसात सुरू करावे लागते. नवशिक्यांना ते कंटाळवाणे वाटते यात नवल नाही. पण हल्ली जाणतेही म्हणू लागले आहेत की हा वेळेचा अपव्यय आहे. हळू धावणारा हळूच राहतो. आठवड्यातून तीनदा दणकून इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोरात धावण्याच्या फेऱ्या, मारा, तेवढ्याने भागते. हा पक्ष पोकळ नाही, म्हणूनच त्याचा समाचार नीट घ्यायला हवा.

त्यांच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा. मार्टिन गिबाला आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. एका गटाने दर सत्रात 30 सेकंदांचे जीव खाऊन मारलेले चार ते सहा स्प्रिंट केले, दुसऱ्याने दीड ते दोन तास मध्यम गतीने व्यायाम केला. दोन आठवड्यांनी पाहिले तर स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची ताकद दोन्हीकडे सारखीच वाढलेली. प्रयोग चोख आहे, माझी त्याच्याशी तक्रार नाही. तक्रार आहे ती तो मॅरेथॉनच्या गळ्यात बांधणाऱ्यांशी. तो सायकलवर झाला आणि दोनच आठवडे चालला. सायकलवर नडगीला हादरे बसत नाहीत. मॅरेथॉनमध्ये चाळीस हजारांच्या आसपास पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार पायावर येतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडे आणि कंडरा त्यासाठी महिने घेतात. इंटरव्हलवर पोसलेला धावपटू म्हणूनच नेमका दम वाढल्यावर जायबंदी होतो. छाती म्हणते चल, नडगी म्हणते थांब, आणि आपण ऐकतो छातीचे.

दुसरा दाखला एमिल झाटोपेकचा दिला जातो. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके घेणारा हा चेक धावपटू इंटरव्हलचाच भक्त होता, हे खरे. पण तो 400 मीटर किती वेळा धावायचा? सहा-आठ वेळा नव्हे, चाळीस-चाळीस वेळा, आणि मधल्या विश्रांतीतही जॉगिंगच. नुसत्या त्या फेऱ्यांचे 16 किलोमीटर होतात, जॉगिंग वेगळे. ज्याला इंटरव्हलवाले आपला म्हणतात, त्याचे मायलेज आमच्या गटातले!

बेसच्या बाजूचा खरा पुरावा मात्र ऑकलंडचा आहे. आर्थर लिडियार्ड हा तिथला स्वयंशिक्षित प्रशिक्षक. शर्यतींच्या मोसमाआधी तो आपल्या मुलांना आठवड्याला 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर धाववायचा; रविवारी वाइटाकेरे डोंगरातली 35 किलोमीटरची चढउतारांची वाट. या मुलांत पीटर स्नेल होता, आणि त्याची शर्यत होती 800 मीटरची! पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी दोन-अडीच तासांची रपेट, हे ऐकून हसणारे तेव्हाही होते. 1960 मध्ये रोमला स्नेलने 800 मीटरचे सुवर्ण घेतले, त्याच दिवशी लिडियार्डच्याच मरे हॅलबर्गने 5,000 मीटरचे, आणि बॅरी मॅगीने मॅरेथॉनचे कांस्य. 1962 च्या सुरुवातीला स्नेलने गवताच्या ट्रॅकवर एका मैलाचा आणि 800 मीटरचा असे दोन्ही विश्वविक्रम केले. त्याच्या काही आठवडे आधी तो चक्क मॅरेथॉन धावला होता. लिडियार्ड वेगाच्या विरोधात नव्हता, हे त्याचे चाहतेही विसरतात. बेसनंतर तो टेकड्या द्यायचा, मग ट्रॅक. फक्त क्रम उलटा करू द्यायचा नाही.

लिडियार्डची मुले विशीतली आणि असामान्य होती. नोकरी सांभाळून धावणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला त्यांचे काय, असे कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. त्याला उत्तर साध्या हिशेबाने देता येते. धावताना दर किलोमीटरला किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. 60 किलोचा माणूस 42 किलोमीटरसाठी अडीच हजार जाळतो. यकृत आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन पुरते दोन हजारांच्या आसपास. मधली तूट काही अंशी वाटेतल्या जेलने भरते, उरलेली चरबीतून. चरबी जाळण्याची यंत्रणा, म्हणजे स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया, लांब आणि संथ धावण्याने वाढते. जॉन हॉलोझी यांनी 1967 मध्येच उंदरांना ट्रेडमिलवर पळवून दाखवले होते की मायटोकॉन्ड्रियांची क्षमता सरावाने सुमारे दुप्पट होते. मुंबईच्या मार्गावर पेडर रोडची चढण परतीच्या वाटेवर, उशिरा येते. तिथे तुमचे 400 मीटरचे टायमिंग कुणी विचारत नाही.

आता थोडे घरच्यांना. बेसच्या समर्थकांनी दहा टक्क्यांचा नियम वेदवाक्य करून ठेवला आहे: आठवड्याचे मायलेज त्याहून जास्त वाढवायचे नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला 500 हून अधिक नवशिक्यांवर चाचणी झाली, निष्कर्ष 2008 मध्ये आले. हळूहळू वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीच्या वेगवान कार्यक्रमाच्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळपास एकच, वीस टक्क्यांच्या थोडे पुढे. म्हणजे नियमाने नडगी वाचत नाही. तिचे ऐकल्याने वाचली तर वाचते.

त्याहून मोठा दोष असा की ‘इझी रन’ इझी कुणी धावतच नाही. स्ट्रावा अ‍ॅपवर मित्र पेस पाहणार, मग किलोमीटरला सहा मिनिटांचा पेस असलेला माणूस साडेसातने कसा दिसेल? तो सहा-वीसने धावतो, धापा टाकतो, बेसही बांधत नाही आणि इंटरव्हलचा वेगही कमावत नाही. मग म्हणतो, मायलेजचा उपयोग झाला नाही. बदनामी मात्र सावकाश धावण्याची.

ज्याला इतके महिने देणे जमत नाही त्याने काय करावे? मुंबईत त्याच दिवशी अर्धी मॅरेथॉन असते, 10 किलोमीटरही असते. सप्टेंबर संपताना आठवड्याला 35-40 किलोमीटर विनासायास होत नसतील, तर त्या जानेवारीला पूर्ण मॅरेथॉनचे नाव घेऊ नये. अर्धीचा बिब छातीवर लावण्यात कमीपणा नाही, आणि पुढच्या जूनला तीच शर्यत पहिल्या पायरीच्या कामी येते.