जवानाला वंदन, मुलाला पावती

प्रजासत्ताक दिनी आणि कारगिल विजयदिनी खान्देशातील अनेक शिक्षणसंस्थांमध्ये माजी सैनिकांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि संस्थाध्यक्षांचे सीमेवरील जवानाविषयीचे भावपूर्ण भाषण, असा तो कार्यक्रम ठरलेला असतो. यात गैर काही नाही. समाजाने आपल्या रक्षणकर्त्यापुढे नतमस्तक व्हावे, हे उचितच आहे. प्रश्न उपस्थित होतो तो प्रवेशाच्या हंगामात. सत्कारमूर्तीची मुले खासगी अभियांत्रिकी वा औषधनिर्माण महाविद्यालयात प्रवेश घ्यावयास जातात, तेव्हा खिडकीपलीकडून कृतज्ञतेची नव्हे, तर शुल्काची भाषा ऐकू येते. जवानाच्या ऋणाची परतफेड शालीवर भागते आणि शिक्षणाचा खर्च मात्र त्याच्याच निवृत्तिवेतनातून वसूल होतो.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि वीरपत्नींसाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना सुरू आहे. राष्ट्रीय संरक्षण निधीतून चालणाऱ्या या योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. ही वाढ मे २०१९ मध्ये, दुसऱ्यांदा सत्तेवर आलेल्या मोदी सरकारने आपल्या पहिल्याच निर्णयात केली होती. हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन अपत्यांना पदवीपर्यंत दरमहा १,००० रुपयांचे शैक्षणिक अनुदान मिळत असे; ते नोव्हेंबर २०२५ पासून २,००० रुपये झाले. राज्यभर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहे चालतात. हे सारे स्वागतार्ह आहे.

परंतु मोजमाप कशाने करावयाचे? मुलाला वर्षाकाठी ३०,००० आणि मुलीला ३६,००० रुपये हा आकडा दिल्लीत ठरतो. महाविद्यालयाचे शुल्क ठरते ते इकडे, आणि खासगी अभियांत्रिकीत ते अनेक ठिकाणी लाखाच्या घरात आहे. खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचे तर बोलावयासच नको. तेथे वर्षाला कित्येक लाखांचा हिशेब असतो. शिवाय या शिष्यवृत्त्या देशभरासाठी वर्षाला ५,५०० आहेत, आणि तिन्ही दलांतून दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांची संख्या सुमारे ६० हजार आहे. अर्जासाठी बारावीला किमान ६० टक्के गुण हवेत आणि महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र हवे. म्हणजे आधी प्रवेश घ्या, शुल्काची सोय स्वतः करा, आणि मग निवड होते की नाही याची वाट पाहा.

जवानाच्या आयुष्याचे वेळापत्रकही ध्यानात घेतले पाहिजे. शिपाई म्हणून भरती झालेला तरुण पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. त्या वेळी त्याची मुले प्राथमिक शाळेत असतात. उपदानाची आणि अंशराशीकरणाची रक्कम घर बांधण्यात, बहिणीच्या लग्नात, विहिरीत जाते. मुलांच्या महाविद्यालयाचा खर्च अंगावर येतो तो त्यानंतर आठ-दहा वर्षांनी. तोवर हा माणूस बँकेच्या दारात बंदूक घेऊन पुन्हा पहाऱ्यावर उभा असतो. सरकारी कर्मचाऱ्याच्या हाती असलेली शेवटची, सर्वाधिक वेतनाची वर्षे जवानाच्या नशिबी नसतात. कारण सैन्य तरुण राहावे म्हणून राष्ट्रानेच त्याला लवकर घरी पाठविलेले असते. राष्ट्राच्या सोयीसाठी ज्याने उत्पन्नाची ही वर्षे सोडली, त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा भार राष्ट्राने उचलणे हे दान नव्हे, देणे आहे.

महाराष्ट्रातील विसंगती तर अधिकच बोलकी आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत संरक्षण दलातील व्यक्तींच्या पाल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. जागा मिळते, शुल्क मात्र माफ होत नाही. शुल्कात जी काही सवलत पदरात पडते, ती बहुधा जातीच्या अथवा उत्पन्नाच्या दाखल्यावर. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलाला निम्मे शिक्षणशुल्क परत मिळते, आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींना पूर्ण मिळते. या योजना असाव्यातच. पण सैनिकाच्या मुलाने तहसील कार्यालयात जाऊन आपण गरीब आहोत हे सिद्ध करावयाचे, आपला बाप सियाचीनला होता हे सिद्ध करून उपयोग नाही, हा कोणता न्याय? सेवेतील सुभेदाराचे वेतन ती ८ लाखांची मर्यादा ओलांडू शकते. मग त्याच्या मुलाला ना गरीब म्हणून काही, ना सैनिकाचा मुलगा म्हणून. उच्च शिक्षण संचालनालयाची माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी सवलत योजना आहे. परंतु ती मुख्यतः पारंपरिक अभ्यासक्रमांच्या कामाची. खरा बोजा जेथे आहे, त्या तंत्रशिक्षणात तिचा आधार नाही.

शुल्काशी थेट जोडलेली सवलत आपल्या देशाला अपरिचित आहे, असेही नाही. १९७१ च्या युद्धानंतर हुतात्मा, बेपत्ता आणि अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांचे शिक्षणशुल्क संपूर्ण भरून देण्याचा निर्णय झाला आणि १९७२ पासून तो अमलात आला. किती रुपये, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता. जे शुल्क असेल ते. पंचेचाळीस वर्षे ही व्यवस्था चालली. जुलै २०१७ पासून मात्र सातव्या वेतन आयोगाच्या निमित्ताने तिला दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. वाचणारी रक्कम संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडू नये इतकी किरकोळ होती. राष्ट्रवादी विचारांच्या सरकारच्या काळात हे घडावे, आणि संरक्षण राज्यमंत्रिपदी तेव्हा धुळ्याचेच खासदार डॉ. सुभाष भामरे असावेत, याची बोच खान्देशात अधिक होती. नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून ही मर्यादा उठविण्याची विनंती केली, देशभरातून नापसंती व्यक्त झाली आणि मार्च २०१८ मध्ये सरकारने ती मागे घेतली. चूक दुरुस्त झाली, हे सरकारला भूषणावह आहे. पण त्या आठ महिन्यांत एक तत्त्व पक्के झाले: सैनिकाच्या मुलाच्या शिक्षणाला रकमेची कुंपणे घालणे समाजाला मान्य नाही. मग हेच तत्त्व हयात हवालदाराच्या मुलाला लागू करताना हात आखडता का? जवान वीरगतीस प्राप्त झाला तरच त्याच्या मुलाचे शिक्षण राष्ट्राचे, तो जिवंत परतला तर ते त्याचे खासगी प्रकरण, असा अर्थ यातून निघतो. तो कोणालाही बोलून दाखविण्याचे धैर्य होणार नाही.

अमेरिकेने हा प्रश्न १९४४ मध्येच हाताळला. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी केलेल्या 'जीआय बिल' या कायद्याने वर्षाला ५०० डॉलरपर्यंतचे शुल्क सरकार भरू लागले, आणि त्या काळी तेवढ्यात नामांकित खासगी विद्यापीठाचेही शुल्क भागत असे. सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. मात्र तेथील दुसरा धडाही विसरून चालणार नाही. सरकारी पैसा दिसताच केवळ तो गोळा करण्यासाठी शिक्षणाची दुकाने उघडली गेली. १९५२ च्या कायद्यात ही रक्कम संस्थेऐवजी थेट सैनिकाच्या हाती देण्याची तजवीज करावी लागली. पुढे २००९ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्यानंतर हाच खेळ पुन्हा झाला. २०१६ मध्ये आयटीटी ही नफेखोर शिक्षणसाखळी बंद पडली, तेव्हा हजारो माजी सैनिकांची सवलत वाया गेली होती आणि हाती पदवीही नव्हती.

आपल्याकडील शिक्षणसम्राटांचा इतिहास पाहता ही भीती अनाठायी नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडली आणि खान्देशातही ती लगोलग आली. त्यांनी ग्रामीण मुलांची सोय केली, हे नाकारता येत नाही. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उघडावयास १९९६ उजाडावे लागले आणि आजही तेथील मोजक्या जागा किती जणांना पुरणार? पण संस्था सार्वजनिक न्यासाची, जमीन अनेकदा सरकारी दराची, आणि शुल्क मात्र बाजारभावाचे, हे गणित समाजाने कधीतरी मांडलेच पाहिजे. म्हणूनच सवलत द्यावयाची ती २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या दरानेच, आणि केवळ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतील जागांसाठी. व्यवस्थापन कोट्याच्या जागेला नाही, देणगीच्या नावाखालील कोणत्याही रकमेला नाही. ६० जागांच्या शाखेत ५ टक्के म्हणजे तीन विद्यार्थी. या तिघांचे निम्मे शुल्क राज्याने आणि निम्मे संस्थेने सोसले, तर कोणती संस्था बुडणार आहे? वर्षातून दोनदा शाल देणाऱ्यांना हे जड वाटू नये.

हा विषय तातडीचा झाला आहे तो अग्निवीरांमुळे. २०२२ च्या अग्निपथ योजनेचे लष्करी गुणदोष तज्ज्ञांनी पाहावेत. परंतु चार वर्षांनंतर ७५ टक्के तरुण परत येणार, आणि २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणास गेलेल्या पहिल्या तुकडीची मुदत २०२६-२७ मध्ये संपते, हे कालदर्शिकेवर दिसणारे वास्तव आहे. चोपड्याचा किंवा साक्रीचा असा तरुण बावीस-तेविसाव्या वर्षी घरी येईल. सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये त्याच्याजवळ असतील. निवृत्तिवेतन नसेल आणि 'माजी सैनिक' हा दर्जाही नसेल. वर उल्लेखिलेल्या योजना ज्या शब्दावर उभ्या आहेत, तो शब्दच त्याच्या कागदावर नाही. सैन्यात असताना इग्नूच्या पदवीची सोय त्याला आहे; पण त्याला अभियंता व्हावयाचे असेल, तर चार वर्षांच्या शुल्कात त्याच्या पुंजीचा मोठा हिस्सा जाईल. पोलीस आणि निमलष्करी दलांतील राखीव जागांची चर्चा खूप झाली, त्याच्या शिक्षणाची जवळजवळ झालीच नाही. राज्याच्या तंत्रशिक्षण विभागाने माजी सैनिकांच्या पाल्यांबरोबरच अग्निवीरालाही शुल्क प्रतिपूर्तीच्या यादीत घ्यावे, ही मागणी खान्देशच्या आमदारांनी पुढील प्रवेश प्रक्रियेची माहितीपुस्तिका छापली जाण्यापूर्वी विधिमंडळात मांडावयास हवी.